ग्राफ बंद करणारी शिफ्ट

माझ्या वयाची माणसं गुडगावात कोड लिहीत नाहीत, कोड लिहिणाऱ्यांना मीटिंगला बोलावतात. मी अजून लिहितो, आणि त्याचं कारण माझी हुशारी नाही. आमच्या छोट्या कंपनीने वीसेक वर्षांपूर्वी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना तपासणीची सॉफ्टवेअरं विकली. ती अजून चालू आहेत, आणि ज्या पद्धतीने ती लिहिली आहेत ती पद्धत आता नव्या पोरांना कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. त्यामुळे मला कुणी काढत नाही आणि कुणी वरही चढवत नाही. सकाळी पूर्व दिल्लीतल्या घरातून निघायचं, मेट्रोत उभं राहून गुडगाव गाठायचं, आणि कुठल्या तरी कारखान्यात काही बंद पडलं की कंपनीच्या टॅक्सीने मानेसर. परतीच्या वाटेवर टोलनाक्याच्या गर्दीत मी डोळे मिटून घेतो. बायको म्हणते, तू घरी येतोस तेव्हा तुझी बॅग आधी आत येते आणि तू थोड्या वेळाने.

ही हकिगत मानेसरच्या अशाच एका कारखान्याची आहे. तिथे स्टिअरिंगचा एक भाग बनतो. बनलेला प्रत्येक भाग तपासणीच्या बेंचवर एका चौकटीत अडकवतात. यंत्र तो डावीकडे-उजवीकडे फिरवतं, फिरवायला किती जोर लागला ते मोजतं आणि पडद्यावर निकाल देतं. निकाल काठावरचा असेल तर बेंचवरच्या माणसाने त्या भागाचा ग्राफ उघडायचा, रेषा डोळ्यांनी बघायची आणि ठरवायचं, भाग पुढे पाठवायचा की लाल पेटीत टाकायचा. ग्राफ वेगळ्या खिडकीत उघडतो. बघून झालं की ती खिडकी बंद करायची, असं आमच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे. ते पुस्तक कुणी वाचत असेल असं मला कधी वाटलं नाही.

त्या बेंचची एक जुनी रीत होती. चहाच्या सुट्टीत कॉम्प्युटरचं बटण दाबून धरायचं, पडदा काळा झाला की सोडायचं आणि परत चालू करायचा. असं केलं नाही तर जेवणाच्या वेळेपर्यंत मेमरी भरत जाऊन सगळं गोगलगाईच्या चालीने चालायचं. नव्या ऑपरेटरला पहिल्या दिवशी टोपी, बूट आणि ही रीत एकदमच मिळायची. का करायचं हे विचारलं तर जुने लोक म्हणायचे, ऐसा ही है.

ही मेमरी का भरायची हे सांगण्यासाठी मला आमच्या मंडळाच्या हॉलचा आधार घ्यावा लागेल. मी पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलो, आणि गणपतीच्या तालमी आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये व्हायच्या. तिथे दाराशी एक फळा होता. आत येणाऱ्याने त्यावर खडूने एक रेघ मारायची, जाताना एक रेघ पुसायची. शेवटची रेघ पुसणाऱ्याने दिवे घालवून कुलूप लावायचं. कोण आत आहे हे कुणी विचारायचं नाही, फळाच सांगणार. आमचं जुनं सॉफ्टवेअर नेमकं याच रीतीने चालतं. मेमरीत एखादी वस्तू तयार झाली, समजा एका भागाच्या मोजमापाची, की ती आपल्या अंगावरच एक आकडा बाळगते. तिला जो कुणी वापरायला घेईल त्याने आकडा एकाने वाढवायचा. काम झालं की ‘रिलीज’ म्हणायचं, म्हणजे आकडा एकाने उतरवायचा. शून्य झालं की ती वस्तू स्वतःच स्वतःला मिटवून जागा मोकळी करते.

नियम एवढे साधे आहेत की ते पाळताना माणूस चुकतोच. कुणी तुम्हाला वस्तू काढून हातात दिली तर तुमच्या नावाची रेघ देणाऱ्याने आधीच मारलेली असते, ती पुसणं तुमचं काम. कुणी नुसती दाखवायला पुढे केली असेल तर ती तुमची नाही, बघा आणि गप्प बसा. आणि दाखवलेली वस्तू तुम्हाला नंतरसाठी जवळ ठेवायची असेल तर स्वतः रेघ मारा आणि जाताना स्वतःच पुसा. रेघ पुसायला विसरलात तर रात्रभर रिकाम्या हॉलमध्ये दिवे जळत राहतात. मारल्याशिवाय पुसलीत तर आत कुणी शिडीवर उभा असताना दिवे जातात. पहिल्या चुकीने मशीन सुस्तावतं. दुसरीने ते कोसळतं, आणि कोसळतं तेही लगेच नाही, कुणी तरी अंधारात पाऊल टाकेल तेव्हा.

मानेसरच्या बेंचवर पहिली चूक होती. मुख्य प्रोग्राम प्रत्येक भागाचं मोजमाप हातात घ्यायचा आणि रिलीज करायला विसरायचा. कारखान्याने यंदा कळवलं की चहाच्या सुट्टीतलं हे बंद-चालू आता चालणार नाही, त्यात उत्पादनाचा वेळ जातो. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने कोड तपासला आणि विसरलेली ती एक ओळ घातली. हा रोहतकचा, शांत, कामात व्यवस्थित. मी त्याची ओळ तपासली. बरोबर होती. नवी आवृत्ती गेली, मेमरी भरायची थांबली, चहाच्या सुट्टीतलं बटण बंद झालं. फक्त शिफ्ट बदलताना एकदा दाबायचे, तेही सवयीने. कारखान्याने आमच्या मॅनेजरला शाबासकीची मेल पाठवली. ती त्याने आम्हाला पुढे पाठवली आणि वर आपलं नाव जोडलं.

आठवडा गेला नसेल, बेंच कोसळायला लागला, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद पडून पडदा गोठायचा. रोज नाही. पण जेव्हा कोसळायचा तेव्हा बी शिफ्टमध्येच, दुपारी. सकाळच्या शिफ्टमध्ये कधी नाही, रात्रीच्या शिफ्टमध्ये कधी नाही. कोसळला की अर्धवट तपासलेले भाग परत तपासायचे, मागची लाइन तुंबायची, आणि कुणी तरी वरून खाली ओरडत यायचं.

बी शिफ्टची लाइन एका बाईकडे होती. परभणीची, डिप्लोमा झालेली, पस्तिशीच्या आतबाहेरची. नवरा शेजारच्याच दुसऱ्या कारखान्यात, मुलगी शाळेत. बरीच वर्षं बेंचवर काम करून या वर्षी लाइनची शिफ्ट तिच्या हातात आली होती, आणि त्या हॉलमध्ये लाइन सांभाळणारी ती पहिलीच बाई होती. त्यामुळे बेंच तिच्याच शिफ्टमध्ये पडतो म्हटल्यावर पुढचं कुणी शोधायच्या भानगडीत पडलं नाही. मला आमच्या मॅनेजरने फोनवर सांगितलं, “लड़की कुछ न कुछ दबा देती होगी. आप जाके देख लो, और प्लीज़, लंबा मत खींचना.” हा माणूस मानेसरला कधी गेलेला नाही. उंटावरून शेळ्या हाकायचा पगार घेतो.

मी गेलो. दुपारभर तिच्या मागे एका स्टुलावर बसलो. माझी ओळख करून देताना मी हिंदीत बोलत होतो. मग बेंच चालू करताना माझ्या तोंडून एक अस्सल मराठी शिवी निसटली, तेव्हा तिने वळून पाहिलं.

“सर, तुम्ही आपल्याकडचे?”

“दिल्लीचाच. पण मराठी, बिल्कुल.”

“बिल्कुल म्हणजे दिल्लीचेच,” ती म्हणाली आणि कामाला लागली.

बाई कडक होती. भाग अडकवायची, निकाल बघायची, शंका आली तर ग्राफ उघडायची, रेषेवर बोट न टेकवता नजर फिरवायची, खिडकी बंद करायची, पुढचा भाग घ्यायची. भांडं घासलं की लगेच पालथं घालून ठेवणाऱ्या बायका असतात, तसं. मी बघत होतो आणि मला काहीही दिसत नव्हतं. मग तासाभराने, ती नुसती पडद्याकडे पाहत असताना, तिचे दोन्ही हात मांडीवर असताना, बेंच कोसळला.

“बघा,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मान लाल झाली होती. “मी कायबी दाबलं का? तुम्ही होतात ना इथं. आता सांगा वर जाऊन.”

“सांगतो.”

“काय सांगणार? सोमवारपासून लाइन काढून मला स्टोअरला पाठवतात. ठरलंय त्यांचं. चोर सोडून संन्याशाला फाशी.”

मी कोसळल्याची नोंद घेतली आणि घरी आलो. त्या दिवशी मला तिची दया आली असं म्हणणं खोटं ठरेल. मला वैताग आला होता. वीस वर्षांपूर्वी कुणी तरी लिहिलेला कोड, लिहून निघून गेलेली माणसं, आणि निस्तरायला मी. माझे पाय दुखत होते.

पुढच्या दिवशी मॅनेजरने उपाय काढला. सहकाऱ्याची ती एक ओळ काढून टाकायची आणि रविवारी जुनी आवृत्ती परत घालायची. “रोलबैक करो, खतम करो. चहा के टाइम बटन दबा लेंगे, पहले भी दबाते थे.” चहा हा शब्द त्याने खास माझ्यासाठी मराठीत म्हटला. त्याला वाटतं त्याने मी खूश होतो.

शेजारचा सहकारी पडेल चेहऱ्याने माझ्याकडे बघत होता. “सर, मेरी लाइन गलत थी क्या?”

“नहीं यार. लाइन सही है. वही तो मुसीबत है.”

मी बोललो आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की रोलबॅक केला तर काय होईल. रविवारी जुनी आवृत्ती जाणार. सोमवारी ही बाई स्टोअरला जाणार. सोमवारपासून बेंच पडायचा थांबणार. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. कारखान्यातला प्रत्येक माणूस म्हणणार, बघा, बाई गेली आणि मशीन सुधारलं. मग ती जन्मभर कुणालाही काहीही समजावून सांगू शकणार नव्हती. उद्या त्या हॉलमध्ये दुसऱ्या कुठल्या बाईला लाइन द्यायची वेळ आली की हेच उदाहरण निघणार. सगळं आमच्या एका ओळीमुळे, तीही बरोबर असलेल्या.

तेव्हा मला राग आला. बऱ्याच दिवसांनी आला. मी मॅनेजरला सांगितलं की मी रविवारच्या आधी कारण शोधतो, तोवर कुणी कोडला हात लावायचा नाही. तो म्हणाला, “आपका क्या जाता है?” मी म्हणालो, माझं काही जात नाही. त्याला ते उत्तर कळलं नाही, पण शुक्रवार मला मिळाला.

शुक्रवारी मी मुद्दाम सकाळच्या शिफ्टला गेलो. जिथे कधीच काही होत नव्हतं तिथे बसून काय मिळणार, पण दुसरं काही सुचत नव्हतं. सकाळच्या बेंचवर एक रेवाडीचा गडी होता, चाळिशीचा, झपाझप हात चालवणारा. तोही शंकेच्या भागाचे ग्राफ उघडत होता. बघत होता, भाग पुढे सरकवत होता, पुढचा घेत होता. थोड्या वेळाने पडद्याच्या तळाशी उघड्या खिडक्यांची रांग लागली. एकीला लागून एक, सगळ्या उघड्याच.

“ये बंद नहीं करते?”

“क्यों करें सर? टाइम जाता है. शिफ्ट के बाद वैसे भी बटन दबाना है.”

“और रात वाले?”

“कोई नहीं करता. बस मैडम करती हैं.”

तो हसला. मी हसलो नाही. लॅपटॉप उघडून मी तिथेच स्टुलावर बसलो आणि ग्राफच्या खिडकीचा कोड काढला. तो मी आधीही वाचला होता, पण खिडकी उघडायचा भाग. बंद व्हायचा भाग वाचायचं कुणाच्या मनात येतं?

खिडकीला मोजमापाची वस्तू फक्त दाखवलेली होती. तिने ती जवळ ठेवून घेतली होती, आणि ठेवताना आपली रेघ मारलीच नव्हती. पण बंद होताना मात्र ती इमानदारीने एक रेघ पुसत होती.

वीस वर्षं हे चाललं होतं. मुख्य प्रोग्राम पुसायला विसरायचा, आणि खिडकी न मारलेली रेघ पुसायची. जो खिडकी बंद करेल त्याच्या फळ्यावरचा हिशेब आपोआप बरोबर यायचा. दोन चुका एकमेकींना सांभाळून होत्या, सासू-सुनेचं जुळावं आणि बाहेरच्याला घरात सगळं आलबेल वाटावं तसं. सहकाऱ्याने त्यातली एक चूक दुरुस्त केली आणि दुसरी उघडी पडली. आता मुख्य प्रोग्राम आपली रेघ नीट पुसायचा, वस्तू मिटायची, पण खिडकी अजून तिच्यावर भरवसा ठेवून उघडी. नुसती उघडी राहिली तर काही बिघडत नव्हतं, चित्र आधीच काढून झालेलं होतं. जो तिला बंद करेल तोच मेलेल्या वस्तूला हात लावणार होता. आणि तो हात लागून गेल्यावर कधी लगेच, कधी तासाभराने, बेंच कोसळणार होता.

म्हणजे तीन शिफ्टमध्ये जी एकटी आमच्या पुस्तकाप्रमाणे वागत होती तिलाच शिक्षा होत होती. मला खूप लाज वाटली. तो कोड मी लिहिलेला नव्हता, तरीही वाटली. चूक सापडल्याचा जो आनंद एरवी होतो, तो काही आला नाही.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. खिडकी वस्तू ठेवून घेते त्या जागी तिने आकडा वाढवायचा, बस. पण दुरुस्ती घातली असती तर बेंच पडायचा थांबला असता, आणि सोमवारी ती स्टोअरला गेली असती, आणि गोष्ट पुन्हा तिथेच आली असती. म्हणून मी दुरुस्ती घातली नाही. मी कारखान्याच्या प्रॉडक्शन हेडला खाली बोलावलं. तो पंजाबी, भला मोठा, सतत फोनवर. आला तेव्हाही फोनवरच होता.

मी रेवाडीच्या गड्याला म्हटलं, “भाई, अब हर ग्राफ देखने के बाद खिड़की बंद करना. मैडम की तरह.”

त्याने हेडकडे पाहिलं, हेडने मान हलवली. तो बंद करायला लागला. एक भाग, दुसरा, आणखी काही. हेड घड्याळ बघू लागला. ही चूक वेळ सांगून येत नाही, हे मला माहीत होतं. नाहीच आली तर मी त्या हॉलमध्ये मूर्ख ठरणार होतो, आणि ती बाई कायमची दोषी. मी त्याला म्हणत राहिलो, करते रहो, करते रहो. आजूबाजूच्या बेंचवरचे लोकही बघायला लागले होते. हेड दोन वेळा फोनवर बोलून परत आला. तिसऱ्यांदा जायला वळला, तेव्हा बेंच कोसळला.

रेवाडीचा गडी हात वर करून उठला. “मैंने कुछ नहीं किया सर!”

“पता है,” मी म्हणालो. “उन्होंने भी नहीं किया था.”

हेडला मी सगळं समजावून सांगितलं. फळा, रेघा, खिडकी, सगळं. त्याने किती ऐकलं कोण जाणे. शेवटी तो म्हणाला, “मतलब लड़की की गलती नहीं थी.”

“नहीं. उलटा, वही ठीक से काम कर रही थी. गलती हमारे प्रोग्राम की थी.”

“चलो. ठीक है. नया वाला डाल दो.” आणि फोन कानाला लावून गेला. तिचं स्टोअरला जाणं त्याने त्याच फोनवर, जिना चढता चढता, रद्द केलं.

मी दुरुस्ती घातली. दुपारी ती कामावर आली तेव्हा मी तिला बेंचवर सगळं परत दाखवलं. तिने नीट ऐकलं, आकड्याचं आणि खिडकीचं एकदा परत विचारून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे मी बंद करत होते म्हणून.” मी हो म्हटलं. ती “बरं” म्हणाली आणि हातमोजे चढवले. मला वाटलं होतं ती खूश होईल. ती खूश दिसली नाही, आणि मीही फार वेळ थांबलो नाही, कारण मला गर्दीच्या आधी निघायचं होतं.

ऑफिसात मी अहवाल लिहिला. त्यात एक वाक्य घातलं की बी शिफ्टमधलं काम पूर्णपणे पुस्तकातल्या पद्धतीप्रमाणे होत होतं आणि दोष आमच्या प्रोग्रामचा होता. मॅनेजरने ते वाक्य काढलं. “क्लायंट को अपनी गलती लिखित में कौन देता है?” मेलमध्ये शेवटी एवढंच गेलं की स्थिरतेसंबंधीची किरकोळ अडचण दूर करण्यात आली आहे. मी वाद घातला, पण थोडाच. त्या आठवड्यात माझ्यात तेवढाच जोर उरला होता. जे बोलायचं ते मी हेडच्या तोंडावर बोललो आहे, अशी स्वतःची समजूत काढून मी मेट्रो पकडली.

पण तोंडावर बोललेलं हॉलमधून केव्हाच विरून जातं. काही आठवड्यांनी दुसऱ्या बेंचच्या कामासाठी मी पुन्हा तिथे गेलो, तेव्हा दारातच एक जण दुसऱ्याला म्हणताना ऐकलं, “मैडम आ गईं, मशीन संभालो.” दोघे हसले. जुनी गंमत झाली होती ती, आता तिला कारणही लागत नव्हतं.

बी शिफ्ट नुकतीच सुरू झाली होती. ती बेंचवर होती. मला पाहून तिने “बसा सर” म्हणून तेच स्टूल पुढे केलं. मुलीची चौकशी झाली, थंडीची झाली. तिचे हात आधीसारखेच चालत होते. भाग, निकाल, ग्राफ, नजर, पुढचा भाग. मी काही तरी बोलत होतो आणि बोलता बोलता थांबलो. पडद्याच्या तळाशी उघड्या खिडक्यांची रांग लागली होती.

“या बंद करा की,” मी म्हणालो. “आता काही होत नाही. मी स्वतः तपासलंय.”

“माहितीये सर. तुम्ही दाखवलं होतं.”

“उलट आता उघड्या ठेवल्या तर त्रास. प्रत्येक खिडकी आपली वस्तू धरून बसते, मेमरी परत भरेल.”

“भरू द्या.”

“अहो, पण तुम्ही तर...”

ती माझ्याकडे वळली नाही. भाग चौकटीत बसवता बसवताच बोलली. “मशीन हळू झालं तर सगळे म्हणतात मशीन हळू झालं. मी बंद करत होते तेव्हा महिनाभर मलाच विचारत होते. जे बंद करत नव्हते त्यांना कुणी काही विचारलं का, सर? एकदा तरी?”

मी वाकून तिच्या हाताशेजारचा माऊस घेतला आणि एकेक करून सगळ्या खिडक्या बंद केल्या. मोठ्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत थांबावं तशी ती हात मागे घेऊन थांबली. बेंच नीट चालत राहिला. माझी दुरुस्ती चांगली होती.

मी माऊस ठेवला. तिने पुढचा भाग लावला. निकाल काठावरचा आला, तिने ग्राफ उघडला, रेषेवरून नजर फिरवली आणि भाग पुढे सरकवला. मग त्याच्या पुढचा घेतला, आणि त्याचा ग्राफ आधीच्या उघड्या खिडकीवर उघडला.